फ्रिजवरचा नारळ

बकुळामावशींनी ओटी भरली ती चुकीच्या बाईची, आणि हे हॉलमधल्या सगळ्यांना कळलं, फक्त बकुळामावशींना सोडून. चूक म्हटली तर कुणाचीच नव्हती. डोहाळजेवण आकांक्षाचं होतं. आकांक्षा म्हणजे यतीनची धाकटी बहीण, प्रितीची नणंद, सातवा महिना. ती फुलांचे दागिने नीट करायला आतल्या खोलीत गेली तेव्हा फोटोग्राफर प्रितीला म्हणाला, "वहिनी, जरा झोपाळ्यावर बसता का, लाइट बघतो." प्रिती बसली. अंगावर हिरवी साडी होती, कारण सुमतीबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, घरच्या झाडून सगळ्या बायकांना हिरवं नेसायचा हुकूम काढला होता. आणि पोट होतं, कारण अडीच वर्षांपूर्वी जुई बाहेर आली तेव्हा पोट तिच्याबरोबर निघालं नाही, मागेच राहिलं, भाडेकरू सोडून गेल्यावर त्याचं कपाट राहतं तसं. सुमतीबाईंच्या या मावशींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन करा म्हटलं की म्हणतात, "आता नवं काय बघायचंय?" हिरवी साडी, फुलांचा झोपाळा, पोट. एवढ्या पुराव्यावर कोर्टातसुद्धा शिक्षा होते.

मावशी ताट घेऊन आल्या, हळदकुंकू लावलं, पदर पसरायला सांगितलं. प्रितीला बोलता आलं असतं. 'मावशी, मी नाही,' एवढेच तीन शब्द. पण तोवर पदरात तांदूळ पडले होते, खण पडला, वर नारळ आला, आणि मग मावशींनी आपला सुरकुतलेला, थंडगार हात तिच्या पोटावर ठेवला आणि म्हणाल्या, "छान भरलंय हो. खाली उतरलंय. मुलगा आहे." त्या हाताला काही नको होतं. अडीच वर्षांत या पोटावर जो कुणाचा हात पडला तो तक्रार घेऊन पडला होता. डॉक्टरांचा, जिमवाल्या मुलीचा, शिंप्याचा, अंधारात यतीनचा, जो पोटापाशी आला की रस्ता खोदलेला दिसल्यासारखा वळून जायचा. मावशींचा हात तिथे निवांत टेकला. प्रिती बोललीच नाही. फोटोग्राफरने फोटो काढला. लाइट उत्तम होता.

मग आकांक्षा बाहेर आली आणि हसण्याचा पहिला फवारा उडाला. तिचं सात महिन्यांचं पोट म्हणजे वाटी पालथी घालावी तेवढं. ज्यात कुणीच नव्हतं ते प्रितीचं पातेलं. "वहिनी, माझा चान्स मारलास ना!" आकांक्षा म्हणाली, प्रेमानेच, आणि तेच जास्त वाईट होतं. कोपऱ्यात बायकांची तातडीची बैठक भरली. ठराव असे झाले: भरलेली ओटी परत घेत नाहीत, अपशकुन. आकांक्षासाठी खालच्या वाण्याकडून दुसरा नारळ आणावा. आणि मावशींना सांगू नये, या वयात मनाला लागेल. प्रितीचं मन विषयपत्रिकेवर नव्हतं. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आला, खाली कुणा चुलतदिराने लिहिलं, 'एकावर एक फ्री', आणि त्याखाली रडेपर्यंत हसणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग. त्या रांगेत एक तोंड यतीनचं होतं.

घरी आल्यावर सुमतीबाईंनी तो नारळ फ्रिजवर ठेवला, शेंडी दर्शनी. देवघरात जागा नव्हती असं नाही. "असू दे इथे. वेळ आली की फोडू," त्या म्हणाल्या. कसली वेळ ते कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगा आहे, असं मावशी म्हणाल्या होत्या, आणि सुमतीबाईंच्या हिशेबी तो आता फक्त यायचाच बाकी होता.

सुमतीबाईंचं घराणं गिरगावातलं जुनं. कधीकाळी इमारती होत्या, आता एक उरली होती, तीही पुनर्विकासात जायची होती. त्या घरात टाकाऊ असं काही नसे. दुधाच्या पिशव्या धुऊन दांडीवर वाळत. लग्नपत्रिकांच्या पाठीवर वाणसामान लिहिलं जाई. सासरे मनमोहनराव उरलेल्या साबणाच्या चिपा नव्या वडीला चिकटवून दोन्ही मिळून एक साबण करत आणि मग ती कलाकृती अभिमानाने सगळ्यांना दाखवत. प्रिती लालबागची, गिरणी कामगाराची नात. तिच्याकडे काटकसर होती ती नाइलाजाची. इथली काटकसर हा धर्म होता. ती लग्न करून आली तेव्हा सुमतीबाईंनी मोठ्या मनाने पाहुण्यांना सांगितलं होतं, "लालबागची आहे, पण शिकलेली आहे." त्या 'पण'ची प्रितीला इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी तो ऐकू आला नाही तर चुकल्यासारखं वाटे.

प्रितीची नोकरी आरोग्य विम्याच्या कंपनीत. लोकांनी दवाखान्यात केलेल्या खर्चाचे दावे तपासायचे आणि कुठला आजार खरा, कुठली हौस, ते ठरवायचं. रोज किती पोटं, नाकं, पापण्या तिच्या पडद्यावरून जात आणि ती एका बोटाने लिही: कॉस्मेटिक, नामंजूर. कंपनीच्या मते बाईचं पोट सुटणं हा आजार नाही. कंपनीच्या मते ते काहीच नाही. घरच्यांच्या मते तो आळस होता. फक्त तिचं स्वतःचं मत अजून आलेलं नव्हतं. आरशासमोर ती दोन बोटं बेंबीच्या वर टेकवी आणि ती आत जात, सरळ आत, दोन स्नायूंच्या मधल्या फटीत. अर्धवट लावलेल्या दारातून हात घालावा तसं वाटे. खोकला आला की तिथे एक उंचवटा उठे, सशाच्या पाठीसारखा. तो बघताना तिला किळस येई आणि पुन्हा खोकून बघावंसं वाटे.

"मी तुला कधी बोललोय का काही?" डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी यतीन म्हणाला. तो खरंच कधी बोलला नव्हता. तो लिंक पाठवायचा. आताही त्याने पोट कमी करणाऱ्या एका क्लिनिकची पाठवली होती, आणि अपॉइंटमेंटही घेतली होती, परळला. "माझ्यासाठी नाही हं. तुला स्वतःला छान वाटावं म्हणून." या वाक्याचा प्रितीला एवढा राग आला की तिने मुकाट्याने डबा भरला, त्याचा.

क्लिनिक काचेच्या टॉवरमध्ये होतं. त्या आवारात पूर्वी गिरणी होती आणि प्रितीचे आजोबा तिथे साच्यावर होते. जिथे त्यांनी कापड विणलं तिथे आता कातडी शिवतात; म्हणजे धंदा एकूण तोच. स्वागताला बसलेल्या मुलीला पोट नावाचा अवयवच नव्हता. डॉक्टर अभय मात्र पन्नाशीचे, टेबलावर रेललेले, स्वतःच्या शर्टाची बटणं ताणून बसलेले, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. त्यांनी प्रितीला कागदी गाऊनमध्ये आरशासमोर उभं केलं आणि निळा मार्कर काढला. "श्वास सोडा. पोट आत घेऊ नका, आपल्याला खरं बघायचंय." तेव्हा तिला कळलं की ती अडीच वर्षं श्वास धरून होती. लिफ्टमध्ये, ऑफिसात, झोपेत, फोटोत. तिने सोडला. पोट आलं, सावकाश, सभेला उशिरा आलेल्या अध्यक्षासारखं, आणि स्थानापन्न झालं. आरशात तिला यतीन दिसला. तो खिडकीतून बाहेर क्रेन बघत होता.

डॉक्टर मार्करने रेघा मारत बोलत होते, एजंट फ्लॅट दाखवताना बोलतो तसे. दोन मार्ग होते. एक लायपोसक्शन: बारीक छिद्रं, त्यातून नळी, चरबी खेचून घ्यायची, चार दिवसांत घरी हिंडाफिरायला लागाल, खूण जवळजवळ नाही. पण सैल कातडी सैलच राहणार, आणि स्नायूंमधली फट तशीच. दुसरा टमी टक: कमरेच्या या हाडापासून त्या हाडापर्यंत चीर, जादा कातडी कापून टाकायची, स्नायू एकमेकांना शिवायचे, बेंबीला नवी जागा द्यायची. मोठं ऑपरेशन, मोठा आराम, आणि व्रण कायमचा. "मॅडमचं पोट बघता खरं म्हणजे टकच. लायपोने निम्मंच काम होईल. पण फॅमिली कम्प्लीट आहे ना?"

हे त्यांनी यतीनला विचारलं.

"तसं अजून ओपन ठेवलंय," यतीन म्हणाला.

प्रितीच्या अंगावर निळ्या रेघा होत्या, कागदी गाऊन कमरेशी गोळा झालेला, आणि तिच्या पोटासंबंधी तिच्या डोक्यावरून दोन पुरुष बोलत होते, त्यातल्या एकाचं पोट तिच्याहून मोठं. "मग आत्ता लायपो करू," डॉक्टर म्हणाले. "टकनंतर प्रेग्नन्सी म्हणजे शिवलेलं सगळं पुन्हा ताणणार."

"म्हणजे होऊच शकत नाही?" तिने विचारलं. खोलीत आल्यापासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

"होऊ शकतं हो. धोका असा नाही फार. पण केलेलं काम वाया जातं. म्हणून आम्ही सांगतो, आधी मुलंबाळं उरका, मग या."

वाया जातं. हे दोन शब्द प्रितीने पदरात घेतले, ओटीतल्या तांदळासारखे, एकही न सांडता. यतीनच्या घराण्याला तिने इतक्या वर्षांत ओळखलं होतं. तिथे धर्म आडवा आला तर वाट काढत, कायदा आडवा आला तर वकील काढत. पण एखादी गोष्ट वाया जाईल म्हटलं की ती माणसं देवासमोर थांबावं तशी थांबत.

कारण 'नको' हा शब्द त्या घरात नुसता चालत नसे. नको म्हणायला कारण लागे, आणि कारण डॉक्टरांचं असलं तर उत्तम. दुसरं मूल तिला नको होतं. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, यतीनला नाही, आईलाही नाही. जुईच्या वेळचे ते महिने तिला आठवत ते चेहऱ्यांशिवाय आठवत. नळाचा आवाज आठवे, कारण नळ सोडून ती बाथरूममध्ये रडायची. बाहेरून सुमतीबाई म्हणायच्या, "पाणी वाया जातंय गं." तान्ही जुई रडायची तेव्हा तिला वाटे, हिला कुणीतरी घेऊन जावं, दूर, आणि मग वाटे, मला. जुईवर तिचा जीव होता. आता होता. तो यायला वेळ लागला होता आणि तो वेळ कुठे, कुणाला दाखवायचा? ते पुन्हा नको. त्या खोलीत पुन्हा जायचं नव्हतं तिला. पण सुमतीबाई फ्रिज उघडताना रोज वर बघत, शेंडीला बोट लावत, तेच बोट कपाळाला लावत, आणि मग दूध बाहेर काढत.

लालबागच्या आईला फोनवर ऑपरेशनचं कळलं तेव्हा तिने आधी जुनं खातं उघडलं. "मी सांगलेलंय, पोट बांधून घे म्हणान. आयकलंस तू?" आईने सांगितलं होतं खरं. जुई झाल्यावर ती आपलं मऊ झालेलं जुनं लुगडं फाडून पट्टे घेऊन आली होती, मालीशवाल्या बाईसकट, आणि यतीनने गुगल बघून दोघींना परत पाठवलं होतं. मग त्याने ऑनलाइन पट्टा मागवला, तो एक आकार लहान आला, बदलून घ्यायची मुदत टळली, म्हणून तोच वापरायचा ठराव झाला. "आणि आता कापतलंस? पोट आसा का फणस?" आई म्हणाली. "माझ्या पोटाक तिघा झाली, कोणी इचारल्यान नाय."

कुणी विचारलं नाही हे खरं. ते चांगलं की वाईट, हे प्रितीला ठरवता येईना. तिला आईचं पोट आठवलं. मे महिन्यात आई वर्षाचा मसाला कुटून आणायची, चाळीच्या खोलीत फरशीवर आडवी व्हायची, अंगाला मिरचीचा वास, डोळे लाल, आणि प्रिती तिच्या उघड्या पोटावर डोकं ठेवायची. ते पोट थंड असे आणि आत काहीतरी गुरगुरे. त्यावर पांढुरक्या रेघा होत्या, वाकड्यातिकड्या, चमकणाऱ्या. "या कुणी काढल्या?" तिने विचारलं होतं. आई डोळे न उघडता म्हणाली, "तुमीच. भिंतीर गिरगटलास तशे." अभिमान नव्हता त्यात, दुःखही नव्हतं. बाईला उकडत होतं आणि झोप हवी होती. जुई आता प्रितीच्या पोटावर तसंच डोकं ठेवते, त्याला 'पिलो' म्हणते, बोटाने दाबते, ते हललं की हसते. परवा यतीन तिला म्हणाला, "मम्माला म्हणावं, पिलो आता छोटी करायचीय." जुईने भोकाड पसरलं. घरात पोटाच्या बाजूने झालेलं तेवढं एकच मतदान.

आणि बकुळामावशी. डोहाळजेवण सुमतीबाईंच्या सुनेचंच, अशी त्यांची समजूत, आणि त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं, तेव्हा त्यांच्या दृष्टीने प्रिती गरोदर होती आणि दिवस भरत आले होते. दर काही दिवसांनी त्यांचा दादरहून लँडलाइनवरून फोन येई. पहिल्यांदा प्रिती गोंधळली. "काय गं, हलतं का?" मावशींनी विचारलं. समोर सुमतीबाई हातवारे करत होत्या: सांगू नको, सांगू नको. "हो मावशी," प्रिती म्हणाली, "हलतं."

"जोरात?"

"रात्री जास्त."

"चांगलं आहे. डाव्या कुशीवर झोप. आणि जड काही उचलू नकोस, तुझ्या सासूला सांग मी सांगितलंय म्हणून." पुढे पुढे ती त्या फोनची वाट बघू लागली. तिच्या पोटाबद्दल जगात चाललेलं ते एकमेव संभाषण होतं ज्यात कुणाला काही काढायचं नव्हतं, कमी करायचं नव्हतं. खोटं होतं म्हणून काय झालं? खरी संभाषणं तिने क्लिनिकमध्ये ऐकली होती.

क्लिनिकमधून त्या पोट नसलेल्या मुलीचे मेसेज येऊ लागले. डॉक्टरांची तारीख अडवून ठेवलीय, मॅडम, लायपो की टक ते कळवा. यतीनने उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने ते इमारतीच्या पुनर्विकासाच्या बैठकीहून आल्यावर सांगितलं, त्याच आवाजात, डोक्यात अजून नकाशे असताना. "फेजमध्ये करू. आत्ता लायपो. मग एक-दोन वर्षांत दुसरं. मग टक. एकदाच सगळं मोकळं." त्याने हाताने हवेत मजले दाखवले. प्रितीने विचारलं, "आणि भाडेकरूंना ट्रान्झिट कॅम्प कुठे?" तो हसला नाही. तिचे विनोद त्याला लालबागचे वाटत.

रविवारची सकाळ होती. मनमोहनराव बाल्कनीत पेपर वाचत होते, जुई जमिनीवर बसून कांदे एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत टाकत होती. सुमतीबाई पोह्यांवर घालायला खोबरं खवत होत्या आणि खोबरं कमी पडलं. यतीन फोन हातात घेऊन आला. "कळवू ना त्यांना? लायपो?"

"कळव," सुमतीबाई म्हणाल्या. विचारलं त्यांना नव्हतं, पण त्या घरात प्रश्न हवेत सोडलेला असे, पकडेल त्याचा. "ते नळीचं करा हवं तर. कापाकापी आत्ता नको. आधी एक नातू येऊ दे. मावशींची जीभ काळी आहे, खोटं नाही व्हायचं."

प्रिती उठली आणि तिने फ्रिजवरचा नारळ खाली घेतला. तो अपेक्षेपेक्षा हलका होता. हलवला तर पाणी वाजेना.

"अगं, तो नको. तो ओटीचा," सुमतीबाई म्हणाल्या.

"खोबरं कमी पडलंय ना."

"प्रिती, तो फोडायचा नाही. तू तर नाहीच नाही, तुझी ओटी भरलीय. पोटुशी बाई नारळ फोडत नाही."

"मी पोटुशी नाही, आई," प्रिती म्हणाली. किती सोपं वाक्य होतं. हॉलमध्ये, झोपाळ्यावर, ते तिला सुचलं नव्हतं. तिने ओट्याखालून कोयता काढला, नारळ तळहातावर घेतला आणि त्याच्या पोटावर मधोमध कोयत्याच्या पाठीचा घाव घातला. एक, मग फिरवून दुसरा. हाताला झिणझिण्या आल्या. तिसऱ्याला तो उकलला, आणि आत पाण्याच्या जागी कोंब निघाला: पिवळट पांढरा, गुबगुबीत, लिंबाएवढा गोळा, वाटीला चिकटून, कुणी झोपल्यासारखा.

सुमतीबाईंनी खोबऱ्याच्या हातांनीच नमस्कार केला. "अगो बाई! कोंब! बघितलंस? याहून काय पाहिजे! यतीन, अरे बघ, पाळणा हलणार." मनमोहनराव पेपर घेऊन आत आले. यतीनने फोन वर केला, फोटो काढायला, ग्रुपवर टाकायला. तिला ती पिवळी तोंडं आधीच दिसली, या वेळी हात जोडलेली. "देवापुढे ठेव तो आधी," सुमतीबाई म्हणाल्या, आणि घ्यायला हात पुढे केला.

प्रितीने कोंब वाटीतून अलगद सोडवला आणि तोंडात घातला. अख्खा. तो मोठा होता, गाल फुगले. गोडसर, ओलसर, स्पंजासारखा. दातांखाली काही विरोध न करता दबत गेला. लहानपणी नारळात कोंब निघाला की भावंडांत मारामारी व्हायची आणि आई तिघांत वाटून द्यायची, प्रत्येकाला नखाएवढा. अख्खा तिने आज पहिल्यांदा खाल्ला. ती चावत राहिली आणि चौघंही बघत राहिली. जुईनेसुद्धा कांदा हवेत धरला होता. यतीनच्या हातातला फोन तिने काढून घेतला. क्लिनिकचा नंबर पुढ्यातच होता.

"हॅलो, हां. प्रिती बोलतेय," ती म्हणाली. तोंड भरलेलं होतं म्हणून तिला सावकाश बोलावं लागलं. "टक. लायपो नाही, टक. लिहून घ्या."

"ओके मॅडम. मग फॅमिली कम्प्लीट, असं टाकू?"

"टाका."

"सरांशी एकदा कन्फर्म..."

"सर इथेच आहेत. सगळेच आहेत. ऐकतायत."

यतीनने तोंड उघडलं. पण सुमतीबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या ओट्यावरच्या रिकाम्या वाट्यांकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना हिशेब चालू झालेला प्रितीला दिसला: एवढं मोठं ऑपरेशन, शिवलेलं सगळं, आणि मग पुन्हा ताणायचं. म्हणजे वाया. त्यांनी एक वाटी उचलली, बोटाने खोबरं चाचपलं. कोंबाने आतून खाल्लेलं, पातळ झालं होतं. तरी पोह्यांपुरतं निघालं असतं. त्या पुन्हा खवायला बसल्या.

"मॅडम, एक सांगायचं असतं आम्हाला," पलीकडची मुलगी म्हणाली. "टकचा व्रण राहतो. डॉक्टर प्रयत्न करतात खाली, कपड्यांत लपेल असा घ्यायचा. तरी राहतो."

प्रितीने शेवटचा घास गिळला.

"लपवू नका," ती म्हणाली. "दिसेल असा ठेवा."